पांढऱ्या ओंब्या, काळी मुळे

गहू चिकात आला की रान एकसारखे हिरवे दिसायला हवे. त्या हिरव्यात मधूनच पांढऱ्या पडलेल्या ओंब्या दिसू लागल्या की पहिला संशय जातो पाण्याच्या ताणावर, दुसरा खोडकिडीवर. ओंबी तळहातावर चोळली तर आत दाणा नसतो, असलाच तर चिमलेला. खरे उत्तर मात्र जमिनीखाली असते. ताट फारसे न ओढताच हातात आले, मुळे तोकडी आणि काळीकुट्ट निघाली, बुडख्यावरची पानाची खोळ सोलल्यावर आत चकचकीत काळा थर दिसला, तर तो टेक-ऑल रोग. मुळे बऱ्यापैकी शाबूत, पण बुडातली पहिली दोन-तीन कांडी तपकिरी पडलेली आणि पेराशी फिकट गुलाबी बुरशी धरलेली, तर ती बुडखाकूज, म्हणजे क्राउन रॉट.

दोन्ही रोग बुरशीचे, दोन्ही मातीतून येणारे आणि वरून दिसणारी खूणही एकच. याच घरातले आणखी दोन सदस्य आहेत. रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी कोवळ्या मुळांची टोके कुरतडते आणि शेतात खुरट्या रोपांचे चट्टे पाडते. बायपोलॅरिस सोरोकिनियानामुळे होणारी मूळकूज अशी चट्ट्यांनी दिसत नाही. ती सगळ्या शेतात थोडी थोडी असते आणि उत्पन्नाचा वाटा गुपचूप काढून घेते. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत १९६९ ते १९७१ या तीन वर्षांच्या पाहणीत तिच्यामुळे गव्हाचे सरासरी ५.७ टक्के उत्पन्न बुडत असल्याचा अंदाज निघाला होता. पीक चांगलेच आले असे समजणाऱ्या शेतकऱ्यांचेही नुकसान त्यात धरलेले होते.

तांबेऱ्याशी तुलना केली की या रोगांची अडचण कळते. तांबेरा पानावर दिसतो, वाऱ्यावर पसरतो आणि त्याला रोखणारी प्रतिकारक जनुके गव्हात डझनांनी सापडली आहेत. एक जनुक निकामी झाले तर पैदासकार दुसरे आणतो. मुळांच्या रोगांत ही वाट जवळजवळ बंद आहे. टेक-ऑलला पुरून उरेल असे एकही जनुक आज पेरल्या जाणाऱ्या गव्हात नाही. त्यामुळे शंभर वर्षे चर्चा फिरते आहे ती फेरपालट, नांगरट, काड आणि खत या चार गोष्टींभोवती. घोळ असा की एका रोगावरचा सल्ला दुसऱ्या रोगाच्या पथ्यावर पडतो.

गव्हावर गहू

टेक-ऑलची हकिगत दक्षिण ऑस्ट्रेलियातून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे वसलेल्या युरोपीयांनी झुडपी राने मोडून गहू केला आणि थोड्याच वर्षांत पिकात ठिकठिकाणी चट्टे पडू लागले. चट्ट्यातले पीक सगळेच्या सगळे जाई. रोगाचे नाव त्यावरूनच पडले. माती निकस झाली, थंडी बाधली, अशी कारणे लोक काढत. दोष बुरशीचा आहे हे फ्रान्समध्ये १८९० च्या सुमाराला कळले होते. ऑस्ट्रेलियात ते व्हिक्टोरियाचे सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ डॅनियल मॅकआल्पाइन यांनी १९०४ मध्ये मांडले. आज या बुरशीला गॉमॅनोमायसिस ट्रिटिसी म्हणतात.

तिचा स्वभाव उलगडला तो डेनिस गॅरेट यांच्या कामातून. १९३० च्या आसपास हे तरुण इंग्रज संशोधक ॲडलेडच्या वेट इन्स्टिट्यूटमध्ये होते. या बुरशीचे काळपट तंतू मुळाच्या सालीवरून धावतात आणि जागोजागी आत शिरतात; मोकळ्या मातीत मात्र त्यांना फार लांब जाता येत नाही. गहू निघाल्यावर बुरशी जुन्या मुळांत आणि बुडख्यांत तग धरते. ते अवशेष कुजून गेले आणि पुढच्या हंगामात नवे यजमान मूळ मिळाले नाही, की ती उपाशी मरते. म्हणून एक वर्षाची फेरपालट, मग ती मोहरीवर्गीय पिकाची असो की घेवड्याची, बहुतेक ठिकाणी पुरते. आपल्याकडचा शेतकरी ज्याला बेवड म्हणतो त्याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कुठल्या रोगात क्वचितच लागला असेल.

खतांचाही संबंध स्पष्ट झाला. चुना दिलेल्या, अल्कधर्मी जमिनीत रोग वाढतो. नत्र अमोनियमच्या रूपात दिले तर कमी होतो. रिचर्ड स्मायली आणि जेम्स कुक यांनी १९७३ मध्ये त्यामागची यंत्रणा दाखवली. मूळ अमोनियम घेते तेव्हा त्याच्या लगतच्या मातीचा सामू उतरतो, नायट्रेट घेते तेव्हा चढतो आणि बुरशीला चढता सामू मानवतो.

इथवर सगळे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो फेरपालट न केल्यावर.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाचे शेत आहे. त्याच्या काही भागात १८४३ पासून गव्हावर गहूच घेतला जातो. गॅरेट यांचा हिशेब धरला तर तिथे टेक-ऑलने कहर करायला हवा होता. प्रत्यक्षात तिथला रोग, दोन-तीन वर्षेच लागोपाठ गहू घेतलेल्या शेतांपेक्षा कमी असतो. हाच अनुभव पुढे अनेक देशांत आला: दुसऱ्या वर्षी रोग दिसतो, तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान कळस गाठतो आणि मग आपोआप उतरतो. हॉलंडमध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या नव्या पोल्डर जमिनींत खेरलाख यांनी हा चढ आणि उतार दोन्ही अगदी सुरुवातीपासून पाहिले. त्यांचा प्रबंध १९६८ चा.

माती स्वतःला बरी करते म्हणजे नेमके काय करते, यावर पन्नास वर्षे वाद आहे. एका फ्रेंच गटाने १९७० मध्ये रोगी बुरशीत विषाणूचे कण पाहिले आणि विषाणूच बुरशीला दुबळी करत असावा असे सुचवले. कल्पना आकर्षक होती, पण पुढच्या तपासण्यांत विषाणू असलेली बुरशी आणि दुबळी बुरशी यांचा मेळ बसला नाही. ब्रिटनमध्ये काहींचे लक्ष टेक-ऑलच्याच एका निरुपद्रवी भाऊबंदाकडे गेले. गवताळ कुरणांच्या जमिनीत वाढणारी ही बुरशी मुळावर आधी जागा धरून बसते आणि रोगकारक बुरशीला थारा देत नाही. कुरण मोडून केलेला पहिला गहू निरोगी का निघतो याचे उत्तर तिच्यात मिळते. ब्रॉडबाल्कचे मिळत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा जिवाणूंच्या बाजूने आला. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनचे कुक आणि ॲडलेडचे अल्बर्ट रोव्हिरा यांनी १९७६ मध्ये दाखवले की रोगाला दाबणाऱ्या मातीतली ही ताकद ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवल्यावर नाहीशी होते आणि अशी थोडी माती निर्जंतुक मातीत मिसळली तर तिच्यातही उतरते. म्हणजे ती सजीव होती. पुढे डेव्हिड वेलर आणि लिंडा थॉमॅशो यांनी गव्हाच्या मुळांवरचे स्यूडोमोनास जिवाणू पकडले. त्यांच्यातला एक वाण फेनाझिन नावाचे प्रतिजैविक बनवतो. ते बनवण्याची क्षमता काढून घेतली तर त्याचा रोगावरचा वचक बराच कमी होतो, हे त्यांनी १९८८ मध्ये सिद्ध केले. दहा वर्षांनी योस राइमेकर्स आणि वेलर यांनी डीएपीजी या दुसऱ्या प्रतिजैविकाकडे बोट दाखवले. ते बनवणारे जिवाणू एका ग्रॅम मुळावर साधारण एक लाखाच्या वर गेले की माती रोगाला दाबू लागते, असे त्यांच्या वॉशिंग्टनमधल्या मोजणीत निघाले.

मग असे जिवाणू बियाण्याला चोळून पहिल्याच वर्षी रोग का थांबवू नये? प्रयत्न खूप झाले. एका शेतात उत्तम निकाल, शेजारच्यात शून्य, असे वारंवार घडले. पाकिटातून आलेल्या जिवाणूला मातीतल्या हजारो जुन्या रहिवाशांशी झगडावे लागते. तो मुळावर टिकेल की नाही हे माती, ओल आणि गव्हाचा वाण ठरवतात. आज बहुतेक अभ्यासक एवढे मान्य करतात की वॉशिंग्टनमध्ये डीएपीजी जिवाणूंचा वाटा मोठा आहे, पण इतर देशांच्या मातीत हेच काम वेगळे गट करत असू शकतात. शेतकऱ्याचा प्रश्न अधिक रोखठोक आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी माती सुधारेल खरी, पण मधल्या वर्षांचे नुकसान कोण सोसणार? शिवाय मध्ये एखादे वर्ष दुसरे पीक घेतले की कमावलेले संरक्षणही बरेचसे जाते. ज्याच्याकडे फेरपालटीला चांगले पीक आहे त्याने हा खेळ खेळू नये, हाच आजवरचा व्यवहारी निष्कर्ष आहे.

काड ठेवावे की काढावे

बुडखाकुजीची बाब वेगळी आहे. तिची मुख्य बुरशी फ्युजेरियम स्यूडोग्रामिनेरम. तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली १९९९ मध्ये. तोवर ती ओंबीवरच्या फ्युजेरियमचाच एक गट समजली जाई. टेक-ऑलसारखी ती एका हंगामात उपाशी मरत नाही. कोरड्या हवेत गव्हाच्या धसकटात ती दोन-तीन वर्षे सहज राहते. नव्या रोपाचा कोंब किंवा बुडखा त्या धसकटाला टेकला की आत शिरते. एका रोपावरून शेजारच्या रोपावर त्याच हंगामात ती फारशी जात नाही. म्हणजे पेरणीच्या दिवशी शेतात किती रोगी काड आहे त्यावर लागण ठरते. आणि नुकसान किती, हे दाणा भरतानाच्या ओलीवर. पाऊस झाला तर लागण झालेले रोपही बऱ्यापैकी दाणे भरते. ताण पडला तर खोडातल्या गुदमरलेल्या नळ्या पाणी चढवू शकत नाहीत आणि ओंब्या पांढऱ्या पडतात.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड भागांत हा रोग घर करून बसला आहे. २००९ मध्ये गॉर्डन मरे आणि जॉन ब्रेनन यांनी केलेल्या अंदाजानुसार त्या देशाचे वर्षाचे नुकसान सुमारे ७.९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होते. रोगाचा जोर वाढण्यामागे एक चांगली गोष्ट आहे, हीच यातली गोची. गेल्या काही दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी नांगर सोडला. धसकटे उभीच ठेवून त्यांच्यातून पेरायचे, त्यामुळे धूप थांबते आणि जमिनीत ओल साठते. अवर्षणाच्या प्रदेशात ही ओल म्हणजेच पीक. पण रोगाचे बीही त्याच धसकटांत साठत गेले.

यावर एक मत सांगते की काड जाळा किंवा गाडा. जाळल्याने वरचे काड जाते आणि लागण घटते, हे जुन्या चाचण्यांत दिसले आहे. पण जमिनीखालचा बुडखा जळत नाही, आणि जाळून उघडी पडलेली जमीन ओल गमावते. ओल गेली की उरलेल्या लागणीचा फटका मोठा बसतो. नांगरून गाडणे आणखी अडचणीचे. अर्धवट मशागतीने रोगी तुकडे शेतभर पसरतात आणि कोंबाच्या अधिक जवळ येतात.

दुसरे मत काड ठेवूनच मार्ग काढायला सांगते. न्यू साउथ वेल्समधल्या टॅमवर्थच्या संशोधकांनी सुचवलेला उपाय इतका साधा आहे की त्यावर चटकन विश्वास बसत नाही: यंदाच्या ओळी गेल्या वर्षीच्या दोन ओळींच्या मधोमध पेरा. रोगी बुडखे जुन्या ओळीत राहतात आणि नवे रोप त्यांच्यापासून हातभर नसले तरी वीतभर दूर पडते. उपग्रहाच्या आधाराने चालणाऱ्या ट्रॅक्टरमुळे हे शक्य झाले. जोडीला हरभऱ्यासारख्या पिकाची फेरपालट. ऑस्ट्रेलियातल्या या हरभऱ्याचा मोठा भाग भारतीय उपखंडात येतो, त्यामुळे तिथल्या गव्हाचे आरोग्य काही अंशी आपल्याकडच्या डाळीच्या बाजारावर अवलंबून आहे, असे म्हणायला हरकत नाही. भाव पडला की फेरपालटही मागे पडते.

या वादात नुकती एक भर पडली आहे. कापणीनंतर पाऊस झाला तर बुरशी मेलेल्या धसकटातही वरवर चढत जाते. फक्त ओंब्या ओरबाडून घेणारी नवी कापणी यंत्रे धसकट उंच ठेवतात. उंच धसकट म्हणजे बुरशीला अधिक अन्न. पुढे तिथे हरभरा कापताना हेच रोगी काड यंत्रातून शेतभर उधळले जाते. त्यामुळे आता काड ठेवावे की नाही याच्या जोडीला ते किती उंच ठेवावे, हाही प्रश्न उभा आहे.

चीनमध्ये हीच गोष्ट वेगाने घडली. हनान प्रांतात ही बुरशी गव्हावर असल्याची पहिली नोंद २०१२ ची. त्यानंतर हुआंग-हुआईच्या मैदानात, म्हणजे देशाच्या गव्हाच्या कोठारातच, ती झपाट्याने वाढली. तिथे गहू आणि मका एका वर्षात आलटून पालटून घेतात. काड जाळण्यावर बंदी आली, शहरांची हवा सुधारावी म्हणून, आणि काडाचा भुगा करून जमिनीत मिसळणे सार्वत्रिक झाले. वर्षातून दोन तृणधान्ये आणि दोन्हींचे काड जमिनीतच! काडाने सेंद्रिय कर्ब वाढतो हे चिनी संशोधक नाकारत नाहीत, आणि रोग वाढला हेही नाकारत नाहीत. धोरण बदलावे की पीकपद्धती, यावर तिथे एकमत नाही.

उलट साक्ष

काडाच्या बाजूची सर्वांत जोरदार साक्ष रायझोक्टोनियाची आहे. नांगरट थांबवली की सुरुवातीला हा रोग वाढतो, कारण मातीतले बुरशीचे जाळे कोणी तोडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲव्हन या ठिकाणी डेव्हिड रोजेट यांनी एका दीर्घ चाचणीत चट्टे वर्षानुवर्षे मोजले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोठे होते. काड राखून पेरत राहिल्यावर दशकाच्या अखेरीस जवळजवळ दिसेनासे झाले. त्यांचा अहवाल १९९५ चा. वॉशिंग्टन राज्यात रिट्झव्हिलजवळ विल्यम शिलिंगर आणि टिमोथी पॉलिट्झ यांनीही विनानांगर शेतात असाच चढ-उतार पाहिला. काडातल्या कर्बावर पोसलेले सूक्ष्मजीव रायझोक्टोनियाला दाबतात, अशी त्याची उपपत्ती दिली जाते.

या रोगाने आणखी एक कामाचा धडा दिला. पेरणीच्या एक-दोन दिवस आधी तणनाशक मारले तर मरणाऱ्या तणांच्या आणि आपोआप उगवलेल्या गव्हाच्या मुळांवर बुरशी फोफावते आणि थेट नव्या रोपावर उडी घेते. फवारणी आणि पेरणीत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवले की धोका खूप उतरतो. ना नवे औषध, ना नवे यंत्र.

म्हणजे तेच काड एका रोगाला पोसते आणि दुसऱ्याला आवरते. पुष्कळ शेतांत दोन्ही रोग एकत्र नांदतात. 'विनानांगर शेती रोग वाढवते' आणि 'विनानांगर शेती माती निरोगी करते' ही दोन्ही विधाने चाचण्यांच्या आधारावर उभी आहेत. कुठल्या रोगाबद्दल आणि कितव्या वर्षाबद्दल बोलतो आहोत हे न सांगता ती केली, की ती एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

वाणाकडून किती अपेक्षा?

गव्हात प्रतिकार नाही, पण ओटात आहे. ओटाच्या मुळांच्या टोकांत ॲव्हेनासिन नावाचे द्रव्य असते. अतिनील प्रकाशात ती टोके निळी चमकतात. टेक-ऑलच्या बुरशीला ते विषारी. ओटावर जगणारा तिचा एक प्रकार मात्र हे विष मोडणारे एन्झाइम बनवतो आणि त्यामुळेच ओटात शिरू शकतो. ॲन ऑस्बर्न यांच्या गटाने १९९९ मध्ये ॲव्हेनासिन न बनवणारी ओटाची झाडे निवडून दाखवले की ती रोगाला बळी पडतात. तेव्हापासून ॲव्हेनासिन बनवण्याची सगळी यंत्रणा गव्हात आणण्याचे स्वप्न पाहिले जाते आहे. त्यासाठी एक जनुक पुरत नाही, जनुकांची माळच लागते, आणि शिवाय जनुकीय बदल केलेला गहू लोक खातील का हा प्रश्न आहेच.

रॉथॅमस्टेडमध्ये वेगळ्या अंगाने शोध झाला. वाण स्वतः रोगाला बळी पडतो का, हे सोडून त्यांनी पाहिले की पहिल्या वर्षाचा वाण पुढच्या पिकासाठी मातीत किती बुरशी मागे ठेवतो. वाणावाणात चांगला फरक निघाला. २०११ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पहिला गहू कोणत्या वाणाचा घ्यायचा हे दुसऱ्या गव्हासाठी ठरवायचे, ही कल्पना पैदाशीच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बुडखाकुजीत परिस्थिती थोडी बरी. आंशिक प्रतिकार असलेले वाण ऑस्ट्रेलियात आहेत. बन्सी, म्हणजे ड्युरम गहू मात्र फार हळवा. मोठी बातमी २०२० मध्ये आली. चीनच्या शानडोंग कृषी विद्यापीठातल्या गटाने एका रानगवतातून गव्हात आलेले एफएचबी-७ हे जनुक वेगळे केले. ते फ्युजेरियमचे विष निकामी करते, ओंबीवरचा रोग आणि बुडखाकूज दोन्ही कमी करते, आणि त्याची मूळ वंशावळ बहुधा गवतात राहणाऱ्या एका बुरशीकडे जाते, असे त्यांनी मांडले. बुरशीविरुद्ध बुरशीचेच जनुक. निरनिराळ्या वाणांत आणि अवर्षणाच्या शेतांत ते किती टिकते, हे अजून ठरायचे आहे.

इथे संशोधकांत दोन तट आहेत. एका तटाला प्रतिकार हवा, म्हणजे बुरशी झाडात वाढूच नये. दुसरा म्हणतो सहनशीलता पुरे. लागण झाली तरी दाणा भरला म्हणजे झाले. दुसऱ्या मार्गाने उत्पन्न लवकर हाती लागते, पण सहनशील वाण शेतात भरपूर रोगी काड मागे ठेवतो आणि पुढच्या हंगामाचे भांडवल बुरशीला देऊन जातो.

बियाण्यावरचे औषध, मातीतली मोजणी

टेक-ऑलसाठी खास असे सिल्थिओफाम हे बीजप्रक्रियेचे औषध २००० नंतर युरोपात आले, त्याच सुमारास फ्लुक्विनकोनॅझोलही. दोन्ही औषधे रोग थोपवतात, संपवत नाहीत. रॉथॅमस्टेडच्या चाचण्यांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. औषधाने रोगाचा कळस लांबतो, पण त्याबरोबर मातीचे स्वतःहून सुधारणेही लांबते, आणि औषध बंद केलेल्या वर्षी रोग जोराने उसळू शकतो. त्यामुळे दरवर्षी डोळे मिटून बीजप्रक्रिया करण्यापेक्षा धोक्याचे वर्ष ओळखून ती करणे शहाणपणाचे ठरते. बुडखाकुजीसाठीही अलीकडे नव्या पिढीची औषधे आली आहेत. एकाच गटातले औषध दरवर्षी वापरले तर बुरशी त्याला किती काळ दाद देईल, ही शंका अभ्यासक आत्ताच बोलून दाखवतात.

धोक्याचे वर्ष ओळखायचे कसे? या बाबतीत ऑस्ट्रेलिया पुढे आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये 'प्रेडिक्टा-बी' ही सेवा सुरू केली. पेरणीपूर्वी मातीचा नमुना पाठवायचा. प्रयोगशाळा त्यातल्या डीएनएवरून टेक-ऑल, बुडखाकूज, रायझोक्टोनिया, सूत्रकृमी यांचे प्रमाण मोजते आणि धोका कमी, मध्यम की जास्त ते कळवते. नमुना घेताना धसकटाचे तुकडे मुद्दाम त्यात घालावे लागतात, नाहीतर बुडखाकूज हुकते. या मोजणीलाही मर्यादा आहे. ती बुरशी किती ते सांगते, पाऊस किती पडेल ते नाही. आणि ज्या मातीत दाबणारे जिवाणू भरपूर आहेत तिथे बुरशी असूनही रोग होत नाही. बुरशी आणि तिचे शत्रू एकाच नमुन्यात मोजून दोन्हींचा मिळून अंदाज बांधणे, यावर सध्या अनेक गट काम करत आहेत. लेखकाच्या मते या क्षेत्रात पुढची दहा वर्षे सर्वांत जास्त फळ देईल ते हेच काम. एकट्या जनुकाच्या किंवा एकट्या जिवाणूच्या शोधाने आजवर जे दिले नाही ते इथून मिळू शकते.

आपल्या रानातला गुन्हेगार

टेक-ऑल हा थंड, ओलसर हवेचा रोग. महाराष्ट्रात गव्हाच्या बुडाशी वेगळीच बुरशी येते: स्क्लेरोशियम रॉल्फसाय. तिला ऊब आवडते. रोप कोवळे असताना बुडाशी पांढरी, रेशमी बुरशी पंख्यासारखी पसरते, रोप पिवळे पडून मरते आणि जवळच्या मातीत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही तिची विश्रांतीची रूपे. ती मातीत वर्षानुवर्षे राहू शकतात. भुईमूग, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो, मिरची, तिला चालत नाही असे पीक शोधावे लागते. म्हणून फेरपालटीचा उपाय, जो टेक-ऑलमध्ये हुकमी आहे, तो इथे लंगडा पडतो. विदर्भ-मराठवाड्यात गव्हाचे बेवड बहुधा सोयाबीनचे आणि सोयाबीनही तिचे यजमान.

आपल्याकडे बागायती गव्हाची शिफारस नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची. जिरायत गहू मात्र ओल टिकवण्यासाठी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरतात, तेव्हा जमीन अजून तापलेली असते आणि ही बुरशी जोरात. ओल वाचवायची की रोप, असा पेच इथेही आहेच. सध्याचा तोडगा बीजप्रक्रियेचा आहे: थायरम किंवा कार्बोक्सिन-थायरमचे मिश्रण, नाहीतर ट्रायकोडर्मा. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी गव्हाचे उत्तम वाण दिले. त्यांच्या निवडीत तांबेऱ्याचा प्रतिकार नेहमी पुढे राहिला. तांबेऱ्याने देशातला गहू एकेकाळी जसा झोडपला ते पाहता त्यात गैर काही नाही. मुळांच्या रोगांना मात्र तसा वाटा मिळाला नाही.

उत्तरेत पंजाब-हरियाणात भाताचे काड न जाळता त्यातूनच गहू पेरणारा हॅपी सीडर लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियाच्या मदतीने घडवला. तिथे भाताच्या चिखलणीत महिनोनमहिने पाणी साचते आणि गव्हाच्या कित्येक बुरश्या त्यात तगत नाहीत, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा अनुभव तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. काडात गुलाबी खोडकीड आणि उंदीर वाढल्याच्या तक्रारी बुरशीपेक्षा जास्त आहेत.

महाराष्ट्रातही नांगर सोडण्याची वाट धरलेले शेतकरी आहेत. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेले एसआरटी तंत्र, ज्यात गादीवाफे कायम ठेवून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात, भातापासून सुरू होऊन इतर पिकांकडे गेले आणि राज्याच्या पोकरा प्रकल्पातही त्याचा प्रसार झाला. सेंद्रिय कर्ब आणि ओल यांबाबत त्याचे फायदे शेतकरी सांगतात. स्क्लेरोशियमबद्दलचा जुना शास्त्रीय सल्ला मात्र याच्या नेमका उलटा आहे. ही बुरशी जमिनीच्या वरच्या थरात, पडलेल्या पानांवर आणि काडावर ताकद कमावते आणि मग झाडावर हल्ला करते. म्हणून अमेरिकेत व्हर्जिनियाच्या भुईमूग शेतात १९५० च्या दशकापासून खोल नांगरट करून पालापाचोळा गाडण्यावर भर दिला गेला. खोल गेलेले तिचे दाणे फारसे उगवत नाहीत. विनानांगर सोयाबीन-गहू पद्धतीत पाने वरच राहतात. ॲव्हनमध्ये रायझोक्टोनियाचे झाले तसे काही वर्षांत मातीतले शत्रूच तिला आवरतील, की पाचोळ्यावर ती अधिकच माजेल, हे ठरायला एकाच शेतात आठ-दहा हंगाम मेलेली रोपे मोजावी लागतील, आणि तीही जिरायत आणि बागायत अशा दोन्ही रानांत, ऑक्टोबरच्या आणि नोव्हेंबरच्या पेरणीत वेगवेगळी.